शिवण नसलेला चेंडू

पडद्यावरचा बेसबॉलचा चेंडू फलंदाजाकडे जाता जाता माशीसारखा थरथरला आणि दादाने कंट्रोलर गादीवर भिरकावला.

"हा माझा नाही," तो म्हणाला. "हा प्यायलाय."

वहिनी हसली. "तुमचाच आहे. नाव बघा की, केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय!"

नाव होते 'गोगलगाय'. मैदानावर दादाला सारे याच नावाने ओळखत, कारण त्याच्या चेंडूला वेग नव्हता आणि फिरकीही नव्हती. बोटांच्या टोकांनी ढकललेला तो चेंडू जवळजवळ न फिरता निघे. वाटेत त्याची उठावदार शिवण हळूच कूस बदले, हवा एका बाजूने रेटा देई, आणि बॅट येईपर्यंत चेंडू काही न बोलता दुसरीकडे गेलेला असे. एकदाच वळे, फार तर दोनदा. ज्या वस्तूला वजन असते तिला क्षणाक्षणाला मन बदलता येत नाही.

बेसबॉलच्या या व्हिडिओ गेममधल्या चेंडूच्या उड्डाणाचा प्रोग्रॅम मीच लिहिला होता. खांद्यावर शस्त्रक्रिया होण्याआधी दादाची फेक टिपायला आम्ही त्याला कॅमेऱ्यांपुढे उभे केले. दुखत होते तरी तो दात आवळून फेकत राहिला. पुढे डॉक्टरांनी फेकणे कायमचे बंद केले. तो चेंडू आता फक्त आमच्या गेममध्ये जिवंत आहे, या समजुतीवर मी कित्येक रात्री शांत झोपलो होतो.

"काय केलंस रे याचं?" दादाने विचारले. त्याचा आवाज चढला नव्हता. तेच अधिक लागले.

मी तिथेच संगणक उघडला. शिवणीचे सारे गणित कुणीतरी काढून टाकले होते. चेंडू आता निव्वळ गुळगुळीत गोळा होता, आणि दादाच्या चेंडूसाठी एकच आज्ञा उरली होती: वाटेल तेव्हा, वाटेल तिकडे हलव. बदल करणाऱ्याच्या जागी गेम बनवणाऱ्या आमच्या कंपनीच्या प्रमुखांचे नाव होते.

"मग सांग त्यांना," दादा म्हणाला. "चेंडू परत टाका, नाहीतर माझं नाव काढा. पोरं हे बघून म्हणतील, गोगलगाय म्हणजे अशी अंगात आल्यासारखी नाचते. सांगशील ना? की नेहमीसारखा मान डोलावून येशील?"

मी संगणक मिटला. माझा राग पाण्याखालच्या दगडासारखा असतो; वरून प्रवाह संथच दिसतो. पण त्या दिवशी अंथरुणावर पडल्यावर मला माझ्या मुठी वळलेल्या सापडल्या.

सकाळी ऑफिसात प्रमुख कॉफी ढवळत होते. मी विचारले, तेव्हा मान वर न करताच म्हणाले, "लोकांच्या जुन्या मशीनला तुझं गणित झेपेना."

"मग फक्त त्या एका चेंडूला ठेवा. तेवढं झेपतं, मी चालवून पाहिलंय."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "खरं सांगू? खेळून बघणाऱ्यांना कंटाळा आला. चेंडू कधी वळला ते कळतच नाही."

"कळत नाही म्हणूनच तर फलंदाज फसायचे!"

सगळ्या खुर्च्या आमच्याकडे वळल्या. तो आवाज माझा आहे हे मलाही उशिरा उमगले.

"हळू बोल. गेम आहे हा, प्रयोगशाळा नाही. लोकांना थरार लागतो."

"मग त्याचं नाव काढा."

"कसं काढू? 'खऱ्या खेळाडूचा खरा चेंडू' म्हणून जाहिरात चाललीय आपली."

हे ते इतक्या सहज बोलले की माझ्या कानशिलांत रक्त धडधडू लागले. एका माणसाने आपला उरलासुरला खांदा त्या चेंडूत ओतला होता, आणि यांनी चेंडू फेकून देऊन वेष्टन ठेवले होते. मी माझ्या जागेवर गेलो. 'गोगलगाय' पुसले आणि तिथे 'थरथरता चेंडू' असे लिहिले.

प्रमुख मागोमाग आले. "कुणाला विचारून केलंस?"

"चेंडू बदलताना तुम्ही कुणाला विचारलं होतंत?"

"मी ते नाव परत टाकू शकतो."

"टाका. दादाने होकार त्याच्या चेंडूला दिला होता. हा त्याचा नाही, हे तो मैदानावर जाऊन प्रत्येकाला सांगेल. आणि त्याच्या शेजारी मी उभा असेन."

ते पडद्याकडे वळले. "राहू दे हे नवं नाव," ते म्हणाले. "आजपासून तू उड्डाणाला हात लावायचा नाहीस. प्रेक्षकांच्या टोप्या रंगव."

घरी येऊन मी दादाला सारे सांगितले. मग गेमची माझी जुनी प्रत चालू केली आणि कंट्रोलर वहिनीकडे दिला. तिच्यात ना मैदान होते ना प्रेक्षक, नुसता करडा पडदा. त्यावर दादाचा चेंडू निघाला, आळसावल्यासारखा तरंगत आला आणि अगदी शेवटी, कुणाला न सांगता, खाली उतरला. वहिनीची बॅट चेंडूला न लागता हवेतच फिरली.

"मेली गोगलगाय!" ती ओरडली.

दादाने तो पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. दुखरा खांदा दुसऱ्या हाताने धरून तो पाहत होता, आणि त्याचा जबडा आवळलेला होता.

"यात कंटाळा येण्यासारखं काय होतं रे?" त्याने विचारले.