पेटीतली वीस अंडी

दीक्षाने पाचवं अंडं स्टीलच्या ताटलीच्या काठावर आपटलं आणि मान बाजूला वळवली. आधी वास आला. मग तिने श्वास रोखून पाहिलं. आत पुन्हा तेच होतं. करंगळीएवढं पिल्लू, मोठाले काळे डोळे, शेपटीपाशी जेमतेम फुटलेली लव. बाजूला पिवळा बलक जवळजवळ तसाच.

तिने मोबाइलवरचा तक्ता मोठा केला. गावोगाव जाऊन जनावरांना लसी देणाऱ्या निलेशने तो पाठवला होता. एकेका दिवशी अंड्याच्या आत काय दिसतं, त्याची चित्रं होती. ताटलीतलं पिल्लू बारा दिवसांचं होतं. आधीची चारही बारा दिवसांचीच.

आज बाविसावा दिवस होता.

अंडी उबवायची थर्माकोलची पेटी ओटीवरच्या बाकड्यावर होती. आतला बल्ब अजून लागत होता, विझत होता, लहानसा पंखा फिरत होता. उरलेल्या पंधरा अंड्यांवर तिने पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला होता. दिवसातून तीनदा ती फिरवताना चूक होऊ नये म्हणून. एकवीस दिवस ती घड्याळ लावून उठली होती. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात अंडी धरली, तेव्हा चोविसातल्या विसांत लाल शिरांचं जाळं दिसलं होतं. अठराव्या दिवशी आत नुसतं काळं दिसलं. काळं म्हणजे पिल्लू भरलं, असं धरून ती निवांत राहिली होती.

ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला पाणी कमी पडलं, दुसऱ्या खेपेला अंडीच शिळी निघाली. या वेळी तिने माहेरून, स्वतःच्या आईच्या कोंबड्यांची अंडी मांडीवर धरून आणली होती.

आणि आज तिचा नवरा सुहास येणार होता. तो जयगडला बंदरात क्रेनवर होता, आठवड्याच्या सुटीला घरी यायचा. गेल्या खेपेला जेवताना त्याने सांगून टाकलं होतं, "या वेळेला नाही झालं तर पेटी देऊन टाकू कुणाला तरी. कँटीनवाला कामाला बाई शोधतोय. तू चल तिकडे, खोली बघून ठेवलीय." त्याची आई काही घर सोडून येणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. "आईकडे येऊन जाऊन राहू," तो म्हणाला होता. त्या वेळी तिची सासू चंपा चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिने भाकरी उलटली, एवढंच.

दीक्षाने बोटांवर दिवस मोजले. बारावा दिवस म्हणजे पौर्णिमा. त्या दिवशी ती बचत गटाच्या कामाला रत्नागिरीत गेली होती. सकाळी आठची एसटी, परत यायला साडेपाच. वीज गेली होती का? नाही. शेजारची गिरणी त्या दिवशी दिवसभर चालू होती. उतरल्यावर तिथूनच तर तिने पीठ घेतलं होतं. घरात दिवसभर होती फक्त चंपा.

चंपा आत्ता अंगणात काजूच्या बिया पसरत होती. साठी ओलांडलेली, काटक बाई.

"आई, जरा इकडे या."

चंपा पदराला हात पुसत ओटीवर आली. ताटलीत एकदा बघून तिने नजर पेटीकडे वळवली.

"पौर्णिमेला मी नव्हते, तेव्हा पेटीला हात लावला होतात तुम्ही?"

चंपा पेटीकडेच बघत राहिली.

"आई, मी विचारत्येय."

"बटण बंद केलं हुतं मी," चंपा म्हणाली. "थोडा येळ."

 दीक्षाने ताटली बाजूला सरकवली.

"बंद केलंत? मी जाताना काय सांगून गेले होते? काही झालं तरी बटणाला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"हां, सांगितलं हुतंस."

"मग?"

 चंपाने बाकड्यावरचा एक काजूचा तुकडा बोटाने उगाच खाली पाडला.

"तुम्हाला नकोच होत्या ना कोंबड्या दारात? घाण होते, वास येतो. सरळ सांगायचं होतं. वीस जीव मारायची काय गरज होती?"

   चंपा वळली, दारामागची कुदळ घेतली आणि घरामागे निघून गेली. थोड्या वेळाने जांभ्यावर कुदळीचा खणखण आवाज येऊ लागला.

दीक्षाने निलेशला फोन लावला. घडाघडा सगळं सांगितलं. 

"किती वेळ बंद होती?" निलेशने विचारलं.

"थोडा वेळ म्हणतात. तास असेल, दोन तास असतील."

"मग त्याने नाही मेली ताई."

"म्हणजे?"

"कोंबडी उठत नाही का दाणे टिपायला? अंडी थंड होतात, परत ऊब मिळते. बाराव्या दिवशी दोन तासांच्या गारव्याने वीसच्या वीस एकदम नाही मरत. एकदम मेली म्हणजे उष्णता झाली. पंचेचाळीसच्या वर पारा गेला की अर्धा-पाऊण तास पुरतो." तो थांबला. "त्या दिवशीचा काही फोटो आहे का तुमच्याकडे? तुम्ही व्हॉट्सॲप गटावर टाकत असता ना?"

होता. रोज सकाळी ती पेटीचा फोटो टाकायची. दीक्षाने फोन कानापासून काढला आणि अंगठ्याने फोटो मागे सारत गेली. पौर्णिमा, सकाळचे सात पन्नास. तिने घाईत काढलेला, जरासा तिरका फोटो. खाली लिहिलेलं, 'आज बारावा दिवस!' आणि त्यावर नऊ जणींनी उमटवलेले अंगठे.

फोटोत पेटीचं झाकण लावलेलं होतं. झाकणावर काळी तार पडली होती, टोकाला धातूची नळी. आतली उष्णता मोजणारी तार. पाणी भरताना ती काढून वर ठेवायची आणि मग बाजूच्या भोकातून परत आत सरकवायची, हे दीक्षाचं रोजचं काम. बाजूच्या लहान पडद्यावर लाल आकडा होता, एकोणतीस. सदतीसच्या पुढे असायला हवा होता. तार बाहेरची हवा मोजत होती, आणि आतला बल्ब पेटी गार आहे असं समजून जळत राहिला होता.

"ताई? दिसतंय काही?" फोनमधून निलेशचा आवाज येत होता.

"फोन करते नंतर," ती म्हणाली.

तिने फोन ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी आल्या आल्या तिने पडदा बघितला होता. सदतीस पूर्णांक सहा. तार जागच्या जागी होती.

घरामागे फणसाखाली चंपाने हातभर खड्डा काढला होता. ती घामाने निथळत होती. दीक्षा पंधरा अंडी आणि ताटली टोपलीत घालून घेऊन गेली, पण टोपली खाली ठेवायचं तिला सुचेना.

"आई, तार तुम्ही आत घातलीत?"

चंपाने कुदळ थांबवली.

"विहारात जायला निघाले हुते. वंदनेला. पेटीच्या बाजूनं गेले तर धग लागली. झाकण काढलं, एक अंडं घेतलं, पापणीला लावलं. सोसवलं नाय गो. चटका बसला." तिने डाव्या डोळ्याकडे बोट नेलं आणि खाली घेतलं. "बटण बंद केलं. सुपानं वारा घातला. अंडी पापणीला सोसायला लागली तशी ती तार भोकातून घातली, तू घालतेस तशी. मंग बटण लावलं. आकडे मला कुठं कळतायत."

"वंदनेला गेलाच नाहीत मग."

"नाय. बसले तिथंच."

"सांगितलं का नाहीत मला? संध्याकाळी तरी सांगायचं."

"तू आलीस ती हसत आलीस. दारातनंच विचारलंस, बरी आहेत ना माझी पिल्लं. म्हटलं, जगली असतील एखाद वेळी. उगा कशाला तुझ्या जिवाला घोर."

"आणि मघाशी? मी एवढं बोलले..."

चंपाने टोपली तिच्या हातातून घेतली. एकेक अंडं खड्ड्यात ठेवू लागली, फुटू नये अशा बेताने.

"मघाशी सांगून काय पिल्लं निघणार हुती?"

दीक्षा तिच्या शेजारी उकिडवी बसली. तीही अंडी उचलू लागली.  शेवटची माती लोटत असताना अंगणात मोटरसायकल थांबली.

सुहास हेल्मेट काखेत धरून घराला वळसा घालून आला. आधी खड्डा बघितला, मग दोघींचे मातीने भरलेले हात.

"किती निघाली?"

दीक्षाने तोंड उघडलं, पण चंपा आधी बोलली.

"लाइट गेली हुती रं. मधीच एक दिवस. तिचा काय इलाज त्याला?"

सुहासने सुस्कारा टाकला. "तरी मी म्हणत होतो. जाऊ दे. उद्या कँटीनवाल्याला हो म्हणून सांगतो."

चंपा कुदळीने माती सारखी करत राहिली. ती सारखी झाली होती, तरी करत राहिली.

"लाइट गेली नव्हती," दीक्षा म्हणाली. "माझ्याकडून तार बाहेर राहिली. सगळी माझ्या हातून गेली. आईंनी वाचवायला बघितलं."

सुहास आईकडे बघू लागला. चंपाने मान वर केली नाही.

"मग आता?" त्याने विचारलं.

"कँटीनवाल्याला सांगा, दुसरी बाई बघ म्हणावं." दीक्षा उठली, पायावरची माती झटकली. "मी उद्या माहेरी जात्येय अंडी आणायला. आई पण येतायत."

चंपाचा हात कुदळीवर थांबला.

"मी कशाला गो?"

"कोणती अंडी घ्यायची, ते तुम्ही सांगा. मला नुसते आकडे कळतात," दीक्षा म्हणाली, आणि हात धुवायला पाणवठ्याच्या दगडाकडे गेली.