पेंग्विन कुठे राहतो

टेंभी नाक्यावरच्या त्र्यंबकरावांच्या मुलीला, उत्तराला, पुण्याच्या शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचं होतं. जूनमध्ये प्रवेश होता. वडिलांनी एकच अट घातली होती, तोवर लग्न जमलं नाही तर खुशाल जा. आता मे संपत आला होता आणि डोंबिवलीचं हे शेवटचंच स्थळ उरलं होतं.

नकार कसा मिळवायचा, हे घरात सगळ्यांनाच पाठ होतं. चुलतबहीण प्रमोदिनी बघण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या वडिलांना उलट बोलली होती. दुसऱ्याच दिवशी निरोप आला, "मुलीची जीभ फार चालते." आईने तेव्हा कपाळाला हात लावला होता. उत्तराने मात्र तो धडा मनात जपून ठेवला होता.

डोंबिवलीहून बघायला आलेला मुलगा आनंद खालमानेनं पोहे खात होता. बोलायचं काम त्याचे वडील हरिहरपंत यांच्याकडे. तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले, पण छडी अजून आवाजात होती.

"पेंग्विन कुठे राहतो, मुली? दक्षिण ध्रुवाच्या बर्फात. बर्फाबाहेर तो एक दिवस जगायचा नाही. बरोबर ना?"

आईने पदराआडून खूण केली, हो म्हण. उत्तराच्या अंगात बळ संचारलं.

"साफ चूक," ती म्हणाली.

त्र्यंबकरावांनी डोळे वटारले. उत्तरा थांबली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पेंग्विन रखरखीत उन्हात बिळं करून अंडी घालतात. ऑस्ट्रेलियातला दीड वीत उंचीचा पेंग्विन वाळूत घर करतो. गॅलापागोस बेटांवरचा तर विषुववृत्तापाशीच, काळ्या खडकांच्या कपारीत पिल्लं वाढवतो. बर्फावर वीण करणारे निराळे. त्यातला सगळ्यांत मोठा ऐन हिवाळ्यात अंडं पायांवर घेऊन उभा राहतो. मादी समुद्रावर जाते आणि नर उपाशीपोटी तिथेच अडकून पडतो.

"मास्तर असून एवढं ठाऊक नाही तुम्हांला?" तिने शेवटचा घाव घातला. झालं, मोडलं स्थळ! तिला मनातून पुण्याचा रस्ता दिसू लागला.

हरिहरपंतांनी बशी खाली ठेवली आणि ते मांडीवर थाप मारून खो खो हसले.

"वा! अहो, या प्रश्नाचं उत्तर मी प्रत्येक घरी मुद्दाम चुकीचं सांगतो. आजवर पाच मुली पाहिल्या, पाचही जणींनी मुकाट मान डोलावली. पाचही नापसंत! आमच्या आनंदला डोकं असलेली बायको हवी. त्र्यंबकराव, मुलगी पसंत. साखरपुडा याच आठवड्यात उरकू."

आईने घाईघाईने देवापुढे साखर ठेवली.

"माझं ट्रेनिंग..." उत्तरा कशीबशी म्हणाली.

"आता ट्रेनिंग कशाला? आमच्या सुना नोकरीला बाहेर पडत नाहीत. नातवंडांना शिकव की! एवढं ज्ञान वाया थोडंच जाणार आहे?"

"वाकून नमस्कार कर, अगं," आई कुजबुजली.

उत्तरा वाकली. हरिहरपंतांच्या पायांकडे पाहताना तिला त्या पाच अनोळखी मुली आठवल्या. तोंड मिटून मान डोलावली आणि सुटल्या बिचाऱ्या. आज पहिल्यांदाच ती मोकळेपणाने खरं बोलली होती, आणि तेवढ्यानेच घात झाला होता.