मिळाल्याची तार

चौसाळ्यात, दुकानावरच्या खोलीत बसून विरुपाक्ष चिपच्या आतल्या भागांनी एकमेकांशी कसं बोलायचं ते ठरवायचा. आज बेंगळुरूच्या साहेबानं त्याचा आराखडा परत पाठवला. "माहिती पाठवायची तार आहे. मिळाली, असं सांगणारी कुठंय? पाठवणाऱ्याला कळणार कसं?"

चिडतच त्यानं आराखड्यात ती तार जोडली. तेवढ्यात खालून आईनं जेवायला बोलवायला रोजच्यासारखी लाकडी छताला काठी ठोकली. त्यानं आजवर कधी उत्तर दिलं नव्हतं. मनात येईल तेव्हा खाली जाऊन गार भाकरी खायचा. आज त्यानं उत्तरादाखल दोनदा पाय आपटला.

दुखरे गुडघे ओढत, धापा टाकत आई जिना चढून दारात आली.

"काय झालं रं? पडलास का?"