राजाराम जाधवांची गप्पांची खोली

बोरिवलीच्या जुन्या पाड्यावरची बैठी घरं पाडून सोळा मजली इमारत उभी राहिली, तेव्हा तळमजल्यावर लिफ्टशेजारी एक मोठी खोली उरली. तिचं काय करायचं यावर तीन सभा भांडणात गेल्या. निम्म्यांना व्यायामशाळा हवी होती. तिसऱ्या सभेत राजाराम जाधव उभा राहिला. महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेला, एरवी सभेत तोंड न उघडणारा माणूस. म्हणाला, "गप्पांची खोली करू. लोकांनी यावं, बसावं, बोलावं." लोक हसले. पण सेक्रेटरी कुंदाताईंनी त्याला एक महिना दिला. महिनाअखेरीला खोलीत माणसं दिसली तर ठीक, नाहीतर व्यायामाची यंत्रं येणार.

खरं सांगायचं तर राजारामला गप्पांची हौस कधीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको सोनूबाई गेली. जलदान विधीला विहारात माणसं तिच्याबद्दल भरभरून बोलली आणि दुसऱ्या दिवसापासून, ठरवल्यासारखं, कुणी तिचं नावच काढेना. घरात मुलगा आकाश. राजारामनं "तुझी आई ना..." असं सुरू केलं की तो उठून पाणी प्यायला जायचा. त्या पोराला तहान तरी किती लागावी! सोनूबाईचे किस्से राजारामच्या पोटात साठून राहिले होते. ते कुणाला तरी सांगता यावेत, एवढ्यासाठी त्याला ती खोली हवी होती.

मग काय, गडी कामाला लागला. भिंतींना पोपटी रंग, पांढरीशुभ्र फरशी, गोलाकार मांडलेल्या बारा खुर्च्या, पुस्तकांचं कपाट. आणि दारावर ठळक अक्षरांत सात नियम. मोबाइल बंद ठेवावा. खाऊ नये. राजकारण काढू नये. एकानं बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. अहो, एवढं वाचूनच माणसाची बोलती बंद व्हायची.

पहिल्या आठवड्यात चौघं आले. दाताच्या दवाखान्यात बसावं तसे बसले. "बोला मग." "नाही, तुम्हीच बोला." दहा मिनिटांत पांगले. नंतर फक्त सातव्या मजल्यावरचे लुईस अंकल यायचे, तेही पंख्याखाली डुलकी काढायला. राजारामनं हात टेकले नाहीत, पण झोप मात्र उडाली.

मे महिना लागला आणि एथेल परेरा खोलीच्या दारात आली. पाड्यावरची मूळची ईस्ट इंडियन ख्रिश्चन बाई, सत्तरी उलटलेली, काखेत सुक्या मिरच्यांचं पोतं. दर मे महिन्यात तिच्याकडे वर्षभराचा, बाटल्यांत ठासून भरायचा बॉटल मसाला व्हायचा. पूर्वी अंगण होतं. आता तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात सून मेलनीचं बाळ ठसक्यानं बेजार, आणि गच्चीला सोसायटीचं कुलूप.

"राजाराम, तुझी खोली रिकामीच पडलीय ना? मिरच्यांची देठं काढायला बसू दे चार दिवस."

राजारामनं पांढऱ्या फरशीकडे पाहिलं. "एथेलबाई, ही जागा फक्त गप्पांसाठी आहे हो."

"बरं बाबा," ती म्हणाली. जराही रागावली नाही. लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये जुनी चादर पसरली आणि बसली.

आणि त्या बाईची करामत सांगतो! लिफ्टची वाट बघत कुणी उभं राहिलं, की ही त्याच्या हातात मूठभर मिरच्या द्यायची. कसे आहात, काय चाललंय, काही विचारायची नाही. माणूस नाइलाजानं बसायचा, देठ मोडायचा, मान खाली. आणि मान खाली गेली, हात कामाला लागले, की कुणास ठाऊक कसं, तोंड आपोआप सुटायचं. नवव्या मजल्यावरची सुगंधा, कुणाशी हूं की चूं न करणारी बाई, तिसऱ्या दिवशी आपल्या सासूची नक्कल करत होती. लुईस अंकल तर झोपायचेच विसरले. मानलं पाहिजे! बसायला धड पाट नाही, हवेत मिरच्यांची खाट, सगळे शिंकतायत, पण उठायला कुणी तयार नाही.

आतल्या खुर्चीत राजाराम एकटा. हसणं ऐकू यायचं आणि त्याच्या पोटात दुखायचं.

कुंदाताईंनी दिलेल्या महिन्याचा शेवटचा दिवस. संध्याकाळी सहाला कुंदाताई आल्या. त्यांनी खोलीत डोकावलं. "रिकामीच की हो, राजारामभाऊ. उद्या यंत्रं मागवते."

राजाराम उठला, दारावरचे नियम टराटरा फाडले, खुर्च्या भिंतीकडे सरकवल्या आणि पॅसेजमध्ये जाऊन चादरीचं एक टोक धरलं. "एथेलबाई, आत चला. माझं चुकलं."

"फरशीला डाग पडतील रे."

"पडू देत."

सगळ्यांनी मिळून चादर मिरच्यांसकट आत ओढली. राजाराम पहिल्यांदाच खाली बसला. एथेलनं त्याच्या मांडीवर ओंजळभर मिरच्या टाकल्या. पाच-सहा देठं मोडली असतील नसतील, आणि तो बोलायला लागला.

"आमची सोनूबाई चाळिशीत लिहायला शिकली. पहिलं पत्र मलाच लिहिलं. घरातल्या घरात, पण रीतसर पोस्टात टाकलं. इकडे चार दिवस मी बघतोय, भाजी उकडलेली, आमटीला फोडणी नाही. विचारलं तर गप्प. पाचव्या दिवशी पोस्टमन आला. पत्रात लिहिलं होतं, तेल संपलंय, येताना आणा."

खोली हसून लोटपोट झाली. कुंदाताईसुद्धा बसल्या होत्या. "अहो, पण तोंडानं का नाही सांगितलं?"

"म्हणाली, लिहिलंय ना, मग परत कशाला बोलायचं?" राजारामनं आणखी एक देठ मोडलं. "फार हट्टी होती हो. फार गोड होती."

दारात आकाश उभा होता, ऑफिसची बॅग खांद्याला. कधी आला, कुणाला कळलं नाही. यावेळी तो पाणी प्यायला गेला नाही.

"मलाही एक पत्र आलं होतं," तो म्हणाला. "हॉस्टेलवर. मी कधी कुणाला दाखवलं नाही."

देठं मोडायचं काम चालूच होतं.

"'तू नसलास की तुझे बाबा जेवताना एक शब्द बोलत नाहीत. सुट्टीला ये आणि त्यांच्याशी बोल.' एवढंच होतं त्यात." आकाशनं बॅग खाली ठेवली. "मी आलो नव्हतो त्या सुट्टीला, बाबा."

राजारामनं सरकून चादरीवर त्याला जागा करून दिली.