शिवणघरातले कपाट

मित्रांनो, मी एक जुने लाकडी कपाट आहे. आज माझी उंची जेमतेम तुमच्या खांद्याइतकी असेल. पण एके काळी मी छताला भिडत होतो. मी निम्मा का झालो, ते सांगायला मन धजत नाही. तरीही सांगतो.

मला एका सुताराने घडवले, आपल्या थोरल्या बहिणीसाठी. ती घरातच कपडे शिवत असे. एकाच खोलीत तिचे मशीन, कापडाचे तागे आणि तिच्या सासूबाईंची चटई. सुताराने माझ्या फळ्यांवर इतका मन लावून रंधा मारला, की बहीण कितीतरी वेळ माझ्यावरून हात फिरवत राहिली.

"ताई, हे फार उंच झालंय. वर पट्टी ठोकून भिंतीला आवळतो," तो म्हणाला.

"नको रे बाबा! आत्ताच रंग दिलाय. भिंतीची चाळण करशील."

"बरं. पण वर जड काही ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

घर लहान, सामान वाढते. हळूहळू माझ्या डोक्यावर कापडाचे गठ्ठे चढले, जुनी लोखंडी इस्त्री चढली, बंद पडलेले मशीन चढले. आणि खरे सांगू? मला त्याचा गर्वच वाटे. घराचा सारा भार माझ्या शिरावर! दार उघडताना मी पुढे झुकत असे, कुरकुरत असे. "म्हातारा झालाय," असे म्हणून ताई हसे.

सासूबाईंना सगळे आजी म्हणत. दुपारी त्या माझ्या सावलीत लवंडत आणि माझी मूठ धरून उठत.

अशाच एका दुपारी टेबलावरची कात्री आपोआप सरकून खाली पडली. मग जमीन गुरगुरली. भांडी कोसळली. ताई ओरडली, "आई, उठा! भूकंप!"

आजींनी सवयीने माझी मूठ धरली. मित्रांनो, मी स्वतःला सावरायला हवे होते. पण माझे डोके जड होते आणि मला मागून धरणारे कोणी नव्हते. मी त्यांच्यावरच कोसळलो.

ताईचे मशीन मध्ये आले, म्हणून मी पुरता जमिनीवर आदळलो नाही. तरी आजींचा पाय माझ्याखाली चिरडला. शेजारी धावून आले, पण मी भिंत आणि मशीन यांच्यामध्ये असा अडकलो होतो, की कोणाला हलेना. इतक्यात शेजाऱ्यांची हाक ऐकून सुतार करवत घेऊन पोहोचला. पुन्हा धक्का बसला. लोक बाहेर पळाले. ती दोघे भावंडे मात्र जागची हलली नाहीत.

सुताराने मला कापायला सुरुवात केली.

"माझंच चुकलं, ताई. पट्टी ठोकायलाच हवी होती."

"तू म्हणाला होतास. मीच नको म्हटलं. आई, मला माफ करा हो!"

"अरे, दोष मागाहून वाटून घ्या," आजी कण्हत म्हणाल्या. "आधी माझा पाय काढा!"

पाय निघाला, पण पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही.

वस्तीतली कितीतरी घरे ढासळली. आमच्या भिंतींना मात्र नुसत्या चिरा गेल्या. विटांनी आजींना सांभाळले. इजा केली ती मी. हे शल्य मला आजही सलते.

ताईला मी डोळ्यांसमोर नको होतो. "याचं सरपण करा," ती म्हणाली. पण आजी म्हणाल्या, "त्याला कशाला जाळतेस? त्याला काय पाय होते पळायला?" मग सुताराने माझा उरलेला भाग नीट केला आणि ताईने स्वतः धरलेली पट्टी भिंतीत ठोकून मला घट्ट आवळले. या वेळी रंगाचे पोपडे उडाले, तरी ताईने पट्टीवरचा हात काढला नाही.

मित्रांनो, घरी गेल्यावर तुमच्याकडचे उंच कपाट एकदा हलकेच हात लावून पाहा. ते डुलले, तर मोठ्यांना सांगा. मोठी माणसे हसली, तरी पुन्हा सांगा. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही नुसते कुरकुरतो.

आजी आता काठी घेऊन चालतात. वाटेत दम लागला, की क्षणभर माझ्यावर रेलतात. त्यांचा विश्वासाने टाकलेला तो भार मी मुकाट्याने पेलतो, आणि त्यांच्या नजरेला नजर मात्र देऊ शकत नाही.