एकाच बाजूचे डाग

नव्या पांढऱ्या गाडीच्या दारांवर रोज संध्याकाळी तेलकट काळे ठिपके दिसायचे. सूनबाई पुसून पुसून मेटाकुटीला आली. डांबर म्हणावं, तर रस्ता सिमेंटचा. शेजाऱ्याचा खोडसाळपणा म्हणावा, तर तो बिचारा परगावी. आणि गंमत म्हणजे ठिपके चाकांच्या मागेच, तेही एकाच बाजूला! गाडी घराखाली भिंतीला खेटून उभी असायची, ती भिंतीकडची बाजू आरशासारखी लख्ख.

पण सूनबाईच ती, सोडतेय कसली! तिने टायरवर बोट फिरवलं. बोट काळं, चिकट झालं. भिंतीकडचा टायर मात्र कोरडा, धुळकट. म्हणजे कुणीतरी टायरला पॉलिश लावतंय, ते ओलं असतानाच आपण गाडी काढतो, आणि चाक फिरलं की ते उडतं. पण एकाच बाजूला का?

सकाळी ती लवकर खाली उतरली. सासरे स्टुलावर बसून टायर घासत होते.

"नवी गाडी नवीच दिसायला हवी," ते म्हणाले.

"आणि भिंतीकडचे टायर, बाबा?"

सासऱ्यांनी भिंतीलगतच्या फटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. "तिथे शिरता येत नाही गं."

त्या संध्याकाळी तिने गाडी भिंतीपासून चांगली दोन हात लांब लावली आणि पॉलिशची बाटली त्यांच्या हातात दिली. "आत्ताच लावा, रात्रभर वाळू दे. आणि चारही हं, बाबा!"