मशीनगनच्या डावीकडे

माझ्या वडिलांना ऐकू येत नाही, हे त्यांना सोडून सगळ्या निफाड तालुक्याला माहीत होतं. दादांना विचाराल तर हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. टीव्हीवाले, सोसायटीचा चेअरमन, मी, सगळेच. बागेत औषध मारायचा ब्लोअर सुरू असला की ते खुशीत असायचे, कारण तेव्हा कुणालाच काही ऐकू येत नाही.

हा फौजेचा प्रसाद. दादा पायदळात मशीनगनवर होते. ती बंदूक एकट्याने चालवायची नसते. नंबर एक मागे पालथा पडून घोडा दाबतो आणि नंबर दोन त्याच्या डाव्या अंगाला पडून गोळ्यांचा पट्टा भरवतो, कारण पट्टा डावीकडूनच आत जातो. दादा, म्हणजे देवराम, नंबर एक. नंबर दोन होते गोरक्षकाका, आमच्या शेजारच्याच गावचे. कानात घालायला बोळे मिळायचे, ते दोघेही खिशात ठेवायचे. बोळे घातले की बंदूक काय म्हणते ते कळत नाही, असं दादांचं म्हणणं. ती अडकायच्या आधी तिचा आवाज बदलतो म्हणे, आणि तो कळला नाही तर तुम्ही कसले गनर!

एवढ्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. म्हणून नवा पट्टा लागला की गोरक्षकाका दादांच्या खांद्यावर थाप मारायचे. त्याचा अर्थ एवढाच, की माझं काम झालंय, माझ्याकडे बघू नको, समोर बघ.

दोघे एकाच वर्षी निवृत्त होऊन परत आले. दादा द्राक्षबागेत रमले. गोरक्षकाकांनी दुनळी बंदुकीचा परवाना काढला आणि एका बँकेच्या दारात उभे राहिले. संध्याकाळी दोघे मारुतीच्या ओट्यावर बसायचे. गोरक्षकाका डावीकडे, दादा उजवीकडे, वर्षानुवर्षं. गावातली पोरं हसायची, "फौजी, मधली गन कुठं गेली?" दादांना ते ऐकू जायचं नाही आणि गोरक्षकाका ऐकून न ऐकल्यासारखं करतात असं आम्हाला वाटायचं.

गोरक्षकाकांची मुलगी पूजा. ती मला आवडायची. खंडेनवमीला आम्ही त्यांच्याकडे जायचो, ती दुनळीला हळदकुंकू वाहायची आणि मला पेढा देताना म्हणायची, "तुमच्या बागेतली द्राक्षं यंदा आंबटच होती." मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी बघ." आमचं बोलणं याच्या पुढे कधी गेलं नाही. पण तिच्या आईचं माझ्या आईला विचारून झालं होतं, सोमनाथसाठी कुठे बघताय का म्हणून. आमच्याकडे एवढं पुरतं. आता मुलीच्या बापाने मुलाच्या बापाकडे शब्द टाकायचा, एवढंच राहिलं होतं. मी वाट बघत होतो, आणि खरं सांगायचं तर हवेतच होतो.

त्या वर्षी दसरा झाला आणि गोरक्षकाका ओट्यावर यायचे बंद झाले. काही दिवसांनी पोस्टाने पत्रिका आली. पूजाचं लग्न, मुलगा इगतपुरीचा, रेल्वेत. दादांचा संताप झाला. "गोरख्यानं मला पोस्टानं पत्रिका धाडली? मला?" ते लग्नाला गेले नाहीत आणि मलाही जाऊ दिलं नाही. मी तरी कुठल्या तोंडाने जाणार होतो? बापाने शब्दसुद्धा टाकला नाही, म्हणजे तिला रेल्वेवालाच हवा होता, अशी मी माझी समजूत घातली. पुढे गोरक्षकाका नाशकात सिडकोला मुलाकडे राहायला गेले. मी मुली बघितल्या. बाग आहे, पक्कं घर आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, पण मुलींना पुण्यातला नोकरीवाला हवा. त्यांचं काही चुकत नाही. मी मुलगी असतो तर मीही हेच केलं असतं. मग आईही दमली आणि बघणं थांबलं.

यंदा माजी सैनिकांच्या कानतपासणीसाठी मी दादांना अक्षरशः ओढत देवळालीला नेलं. बाहेरच्या बाकावर गोरक्षकाका बसलेले होते आणि शेजारी पूजा उभी होती. ती थोडी भरली होती, बाकी तशीच. दादांनी भिंतीवरच्या पंख्याकडे बघायला सुरुवात केली. पूजा मला म्हणाली, "बरं आहे ना?" मी म्हटलं, "बरं आहे." पंखा आम्हीही थोडा वेळ बघितला.

कान तपासणाऱ्या आभा मॅडमनी आधी काकांना आत घेतलं, मग दादांना. कागदावरच्या रेषा बघून त्या मला म्हणाल्या, "यांचा डावा कान जास्त गेलाय आणि मघाच्या काकांचा उजवा. दोघे एकाच बंदुकीवर होते का?" मी हो म्हटलं. त्यांनी दोघांच्या गेलेल्या कानांत मशीन बसवून दिली आणि थोडा वेळ बाहेर बसून सवय करा म्हणाल्या.

दादा बाकावर बसले. पाठोपाठ काका बाहेर आले, क्षणभर घुटमळले आणि येऊन दादांच्या डाव्या बाजूला बसले. राग होता तरी देहाची सवय कुठे जाणार? दोघेही समोर बघत होते.

बऱ्याच वेळाने काका पुटपुटले, "देवराम, तुला नाय म्हणायचं होतं तर तोंडानं म्हणायचं. मी काय तुला परका होतो?"

दादांनी ते ऐकलं. त्या कानाने ऐकलं. ते दचकून म्हणाले, "कशाला नाय म्हणलो मी?"

"आता सोंग नको घेऊ. खंडेनवमीला ओट्यावर विचारलं ना तुला, माझी पूजा सोमनाथला करून घे म्हणून. तुझ्या खांद्यावर थाप मारली. तू समोरच बघत राह्यला. होबी नाय, नायबी नाय. मुलीचा बाप दोनदा विचारतो का रे?"

दादांचा हात कानाकडे गेला. "गोरख्या, मला लोकांचे ओठ बघितल्याबिगर काय बी समजत नव्हतं. तू थाप मारली ना! थाप मारली म्हणून मी समोर बघितलं. मला लय बरं वाटलं होतं तवा. वाटलं, याला गनवरचे दिवस आठवले असतील."

मी त्या बाकाकडे बघत होतो आणि मला सगळं दिसत होतं. एकाचा गेलेला उजवा कान, दुसऱ्याचा गेलेला डावा कान, आणि इतकी वर्षं ते दोन कान एकमेकांकडे करून बसलेले हे दोघे. जागा बदलून बसले असते तर? नुसते इकडचे तिकडे बसले असते तर!

दादा उठले आणि काकांच्या पलीकडे, त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसले. त्यातल्या त्यात बरा कान बऱ्या कानाजवळ आला. मशीनची सवय नव्हती, त्यामुळे ते नेहमीसारखे ओरडलेच, "हो म्हणलो असतो रे! लगेच हो म्हणलो असतो!"

सगळा व्हरांडा वळून बघू लागला. पूजा खाली बघत होती. मग हळूच मला म्हणाली, "बाबा तेव्हा म्हणाले, त्यांच्या मनात नाही."

"मला वाटलं, तुझ्या मनात नाही."

ती हसली, पण ते हसू तिला जमलं नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हो, झालंच, निघतेय," ती फोनवर म्हणाली आणि काकांच्या हाताला धरून त्यांना उठवू लागली. जाताना वळून म्हणाली, "यंदा द्राक्षं कशी आहेत?" मी गोड आहेत म्हणालो. दुसरं काय सांगणार?

परतताना गाडी मी चालवत होतो आणि दादा शेजारी, माझ्या डाव्या बाजूला बसले होते. ओझर मागे पडलं. मग ते एकदम म्हणाले, "सोमनाथ, तुलाबी ती पसंत होती का रे?"

हे त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. मी म्हणालो, "छे हो, दादा. तसं काही नव्हतं."



"गन अडकायच्या आधी तिचा आवाज बदलतो," ते म्हणाले. "तेवढं मला ऐकू येतं, बाळा."

आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता, पण मी समोरच बघत राहिलो.